बेचाळिसावं वाक्य

"कर तो एसी बंद, आणि उरक एकदाचं," त्साकानी म्हणाली आणि पांढरे बूट काढून तिने सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर टाकले.

विभावरीने रिमोट दाबला. अमिरातीतल्या अल ऐनच्या जुलैत एसी बंद करून बसायचं म्हणजे आपणहून कुकरमध्ये शिरून झाकण लावून घ्यायचं. पण ती घरघर रेकॉर्डिंगमध्ये उतरली की सगळं मुसळ केरात. म्हणून दहा वाक्यं घामात, मग पाच मिनिटं गारवा, मग पुन्हा दहा. सहा महिने हेच चाललं होतं. त्साकानी दक्षिण आफ्रिकेची. इथल्या एका हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांकडे बघणारी नर्स. रात्रपाळी संपवून ती सकाळी नऊला युनिव्हर्सिटीतल्या या खोलीत यायची आणि माइकसमोर आपली शित्सोंगा भाषा बोलायची.

ती भाषा विभावरीला फारशी कळत नव्हती. पुण्यात भाषाशास्त्रात एम.ए. केलेली ती इथे तासांवर काम करणारी मदतनीस. संशोधन डॉक्टर मरियम यांचं: क्रियापदाची घडण बदलली की अर्थ कुठे सरकतो. शित्सोंगात क्रियापदालाच एक तुकडा जोडला की काम 'कुणासाठी' केलं तेही त्यातच येतं. म्हणून यादीत एक आई होती आणि एक मूल. आई रांधते, मुलासाठी रांधते, मुलासाठी रांधलं जातं. प्रत्येक वाक्य तीनदा म्हणायचं. तीनला एक कमी पडलं की ते बाद.

"पाणी आणते, झाडून काढते, लाकडं फोडते," त्साकानी कपाळ पुसत म्हणाली. "विभा, जरा बसव की या बाईला. माझी ड्यूटी तरी बारा तासांची असते."

विभावरी हसली, पण तिचं लक्ष मोबाइलकडे होतं. पूर्णवेळ नोकरीचं पत्र आलं होतं. आज संध्याकाळपर्यंत सही करून पाठवायचं, सोमवारी रुजू व्हायचं. आणि ते जमावं म्हणून उद्या सकाळच्या विमानाने साडेतीन वर्षांचा वेदांग पुण्याला परतणाऱ्या आजीबरोबर निघाला होता. वर्षभरासाठी. "वर्ष म्हणजे काय गं, हां हां म्हणता जातं," असं तन्मय, तिचा नवरा, महिनाभर म्हणत होता. तीही तेच म्हणत होती. फक्त रोज पहाटे उठून वेदांगचा श्वास चालू आहे ना, ते बघत होती.

"एक्केचाळीस," तिने वाचलं. "आई मुलाला आजीकडे ठेवते."

त्साकानीने तीनदा म्हटलं. ऐकून ऐकून 'मानाना' म्हणजे आई आणि 'न्वाना' म्हणजे मूल, एवढं विभावरीला कळायला लागलं होतं.

"बेचाळीस. मूल आईला ओळखत नाही."

एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं, जरा सावकाश. मग त्साकानी माइकपासून मागे सरली.

"थर्ड टाइम, सिस्टर."

"कुणी लिहिली गं ही यादी?"

"क्रियापदं डॉक्टर मरियमनी दिली. वाक्यं मी केली."

"तू केलीस?" त्साकानीने पाय खाली घेतले. "एका पाठोपाठ एक?"

विभावरीने कागदाकडे पाहिलं. ठेवणं. ओळखणं, नकारार्थी. दोन क्रियापदं होती, दोन वाक्यं केली होती. मागच्या रविवारी, वेदांगच्या तिकिटाचा मेल आला त्याच दुपारी. मूल शेजाऱ्याला ओळखत नाही, मूल रस्ता ओळखत नाही, असं काहीही लिहिता आलं असतं.

"पाच महिन्यांची होती माझी मुलगी," त्साकानी सहज म्हणाली, वॉर्डातल्या बाळाचं वजन सांगावं तसं. "आईकडे ठेवून आले. वर्षाचंच ठरलं होतं. आता सात वर्षांची आहे. माझ्या आईला मानाना म्हणते, मला नावाने हाक मारते. गोड बोलते हं! शाळेतल्या बाईंशी बोलावं तशी."

"सॉरी, सिस्टर. मला माहीत असतं तर..."

"सॉरी कशाला? तिची शाळा माझ्या पगारावर चालते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करीन." तिने बूट चढवले. "पण तिसऱ्यांदा मी नाही म्हणणार. तू म्हण. सहा महिने ऐकतेस, येत असेल की."

विभावरीने तोंड उघडलं. यंत्रावरचा लाल दिवा चालूच होता. शब्द ओळीने आठवत होते, पण एकही बाहेर पडेना. शेवटी तिने रेकॉर्डिंग थांबवलं, बेचाळीसपुढे 'दोन' लिहिलं आणि एसी लावला.

ती घरी पोचली तेव्हा हॉलमध्ये मोठी बॅग उघडी पडली होती. सासूबाई वेदांगच्या स्वेटरची घडी घालत होत्या.

"आई, राहू द्या," विभावरी म्हणाली आणि बॅगेशेजारी खाली बसली. "तो नाही येत. मी नोकरीला नाही म्हणून कळवलंय. तासांवरच करीन."

सासूबाईंचे हात थांबले. "तन्मयला सांगितलंस?"

"संध्याकाळी सांगते. चिडेल."

"चिडू दे." त्यांनी गुडघा चोळला. "खरं सांगू? मला झेपणार नव्हतं गं. पुण्यातले ते तीन मजले, याला कडेवर घेऊन. पण मला विचारलं कुणी? सगळे आपले आजी आहे, आजी आहे."

त्यांनी बॅगेतून एकेक कपडा काढून पुढे केला, विभावरीने घेतला. चड्ड्या, टोपरं, डायनोसॉरचा टी-शर्ट.

वेदांग आतून धावत आला, रिकामी होत चाललेली बॅग बघून थबकला. "व्हेअर इज माय एरोप्लेन?"

"एरोप्लेन नाही राजा. आपण इथेच राहायचं."

"नो! आय वॉन्ट एरोप्लेन! विथ आजी!" त्याने भोकाड पसरलं, जमिनीवर लोळला, मग उठून तिच्या पाठीवर दोन्ही मुठींनी मारायला लागला. सासूबाई उठू लागल्या. विभावरीने हातानेच थांबवलं. पाठीवर मुठी बसत होत्या, आणि ती स्वेटरच्या बाह्या सरळ करत होती.

"यू आर बॅड मम्मा!"

"हो," विभावरी म्हणाली आणि स्वेटर घडी करून मांडीवर ठेवला.