आडवा आलेला फ्रीझर

या व्यवहारात स्टोअरकीपरच्या पदरात पडायचं होतं ते एवढंच: टोमण्याशिवाय दोन घास. पैशाचा मोह म्हणाल, तर त्या माणसाने हॉस्पिटलची टाचणीसुद्धा कधी घरी नेली नव्हती. पण तो ताटावर बसला की बायको सुरू व्हायची. "एवढा माल येतो-जातो तुमच्या हाताखालून. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा टेम्पो दारात गंजतोय, तो नाही दिसत." म्हणून नवजात बाळांच्या कक्षासाठी नवा फ्रीझर आणायचं भाडं त्याने साडूला दिलं. एका फेरीत घरची शांतता मिळते आहे, सौदा स्वस्तातला, असा त्याचा हिशोब.

फ्रीझर पुरुषभर उंच. खोक्यावर चारही बाजूंना ठसठशीत बाण: ही बाजू वर. निम्म्या वाटेत एका ठेंगण्या पुलाखाली टेम्पो अडला. वळसा घेतला असता तर तासभर मोडला असता आणि साडूला पुढचं भाडं होतं.

"साडूभाऊ, आडवा टाकू. खाली गादी घालतो. नवरीसारखा नेतो."

"अरे, त्यावर लिहिलंय..."

"लिहिलेलं माझ्या टेम्पोच्या मागेही आहे, 'वेगावर ताबा ठेवा'. ठेवतो का मी?"

स्टोअरकीपर हसला. जो हसला त्याने परवानगी दिली, हे साडू लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर दोघांनी तो पुन्हा उभा केला. खोकं कलंडलं तर लाल होणारी एक चिकटपट्टी बाजूला होती, ती लालभडक झाली होती. स्टोअरकीपरने ती नखाने खरवडून गटारात टाकली आणि पोचपावतीवर 'उभा व सुस्थितीत' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. आडव्या आलेल्या फ्रीझरच्या कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये उतरतं. ते परत खाली येईपर्यंत, म्हणजे पुरा एक दिवस, तो नुसता उभा ठेवावा लागतो. त्याआधी बटण दाबलं तर नवाकोरा कॉम्प्रेसर जळतो. हे त्याला ठाऊक होतं. माहितीपत्रकं वाचणं हीच तर त्याची नोकरी.

कक्षाच्या दारात सिस्टर वाट पाहत होत्या.

"आलात भाऊ? सुटले बाई! जुना पहाटेपासून धापा टाकतोय. लावा लगेच."

जुन्या फ्रीझरमध्ये एकाच आईचं दूध होतं, छोट्या छोट्या पिशव्यांत गोठवलेलं. तिचं बाळ दिवस भरण्याआधीच आलेलं, काचेच्या पेटीत, जेमतेम किलोभर. तीन आठवडे तिने दूध काढून साठवलं. मग तिलाच ताप आला, कडक औषधं सुरू झाली आणि तिचं ताजं दूध बाळाला बंद झालं. डब्याचं दूध एकदा देऊन पाहिलं, तर बाळाचं पोट फुगलं. आता त्या पिशव्या हेच त्याचं अन्न.

"काही अडचण असेल तर आत्ताच सांगा हं," सिस्टर म्हणाल्या. "पलीकडच्या हॉस्पिटलात जागा आहे, मी विचारून ठेवलंय. पण घट्ट गोठलेलं आहे तोवरच नेता येईल; एकदा वितळलं की पुन्हा गोठवता येत नाही."

"अडचण? छे! अडचण कसली!" स्टोअरकीपर म्हणाला. जुना एवढे दिवस चालला, आणखी एक दिवस ओढेल, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. फ्रीझरला विचारायचं मात्र राहिलं.

मग सुरू झाल्या सबबी. आधी म्हणे भिंतीपासून अंतर कमी आहे. अंतर वाढवलं. मग म्हणे फ्रीझरचे पाय सारखे नाहीत. हॉस्पिटलच्या वायरमनने फ्रीझरच्या डोक्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवली.

"बघा. पाणी जरासुद्धा हलत नाही. तुम्हीच हलताय."

"आणि अर्थिंग?"

"ते मी परवा तपासलं. रिपोर्टखाली सही कुणाची आहे? तुमची!"

"सहीचं काय घेऊन बसलास? पुन्हा तपास."

वायरमनने पुन्हा तपासलं. तोंडाने तो जे पुटपुटत होता ते स्टोअरकीपरने ऐकलं नाही असं दाखवलं. गारवा जाऊ नये म्हणून सिस्टर जुन्याचं दार उघडू देत नव्हत्या, त्यामुळे आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. स्टोअरकीपरचा कान मात्र तिकडेच होता. जुन्याची धाप ऐकू आली की त्याला बरं वाटायचं.

जेवणाच्या सुट्टीच्या सुमारास धाप थांबली.

सिस्टर सरळ नव्या फ्रीझरकडे गेल्या आणि बटणाकडे हात नेला.

"थांबा सिस्टर! नका! आडवा आणलाय तो!"

वायरमनच्या हातातला टेस्टर खाली पडला.

"सकाळी का नाही बोललात?"

"वाटलं, जुना उद्यापर्यंत तग धरेल..."

"तुम्हाला वाटलं!" सिस्टरांचा आवाज चिरकला. "बर्फाची पेटी आणा. पळा!"

तो पळाला. आयुष्यात पहिल्यांदाच जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढला. परत आला तेव्हा सिस्टर एकेक पिशवी चिमटीत धरून दाबून पाहत होत्या. ज्यात बर्फ लागत होता ती पेटीत. पाणी झालेली टेबलावर. पेटीत सगळ्यात खालच्या खणातल्या तेवढ्या गेल्या. टेबल भरत गेलं. जुना सकाळपासून नुसती धाप टाकत होता, गारवा देत नव्हता.

बाळाची आई दाराला धरून उभी होती.

"ते वितळलेलं आजच पाजा ना, ताई."

"आजचं आजच पाजणारच. पण तो एका वेळी चमचाभर घेतो गं."

"मग दुसऱ्या बाळांना द्या. वाया नको."

"तपासल्याशिवाय नाही देता येत. आणि तपासून येईपर्यंत हे टिकणार नाही."

"दादा," ती स्टोअरकीपरकडे वळली, "सकाळी नेलं असतं तर सगळं राहिलं असतं?"

त्याने मान हलवली. होकाराची होती, पण इतकी बारीक की तिला पुन्हा विचारावं लागलं.

नवा फ्रीझर दुसऱ्या दिवशी सुरू झाला आणि बिनतक्रार चालला, त्याचं काही गेलं नाही. साडूला भाडं वेळेवर मिळालं. चौकशीत सगळं सांगितल्यावर स्टोअरकीपरला ठपक्याचं पत्र मिळालं, आणि घरी ताटावर बायकोचं, "चारचौघांत माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव घ्यायची काय गरज होती?" आईने वितळलेल्या पिशव्या दुसऱ्या कुणाला हात लावू न देता एकेक करून बेसिनमध्ये रिकाम्या केल्या. पेटीतल्या पिशव्या संपल्यावर डब्याचं दूध थेंबाथेंबाने पुन्हा सुरू करावं लागलं. पोट पुन्हा फुगलं. बाकीची सगळी भरपाई बाळाने केली: तीन आठवड्यांत कमावलेलं वजन, होतं तेवढं सगळं, त्याने गमावलं.