फक्त तुमाले सांगतलं होतं

माजरीच्या खाणीला लागून असलेल्या वस्तीत रंजीता बालवाडी चालवायची. पोरं तिला सोडायला तयार नसत आणि पोरांच्या आया तिच्यापाशी मन मोकळं करत. याचा तिला मनातून थोडा अभिमानही होता.

एका सकाळी चार वर्षांची दीपिका बाहुलीशी खेळत होती. खेळता खेळता तिनं बाहुलीचा हात खोट्या चुलीवर दाबून धरला. "बोलशील पुन्हा? बोलशील?"

रंजीता तिच्याजवळ बसली. "असं कोण करते गं?"

"बाबा. आईले," म्हणत पोरगी बाहुलीचे केस विंचरायला लागली.

दुपारी चंदा लेकीला न्यायला आली, तेव्हा रंजीतानं तिला आतल्या खोलीत नेलं. चंदा आधी नाहीच म्हणाली. मग तिनं पदर सारला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी भाजून सोलून निघाली होती. तिचा नवरा प्रफुल खाणीत डंपर चालवायचा. वस्तीत त्याला सगळे शांत माणूस समजायचे.

"सोमवारी त्याची पहिली पाळी हाय," चंदा हळू आवाजात म्हणाली. "तो गेला का मी सामान घेऊन इथीच येतो. पोरीले घेतो आन राजुऱ्याले बहिणीकडं निघून जातो. बाई, फक्त तुमाले सांगतलं. कोणाजवळ बोलू नोका."

"नाई बोलत," रंजीता म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं.

पण तो हात काही केल्या तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. शनिवारी खिचडी शिजत असताना मदतनीस सुगंधाबाईनं विचारलं, "काऊन गप गप आहा बाई?" सुगंधाबाई घरच्यासारखी. रंजीताला कुणापाशी तरी ओझं उतरवायचंच होतं. तिनं सगळं सांगून टाकलं. सोमवारचंही सांगितलं. ते सांगायची तर काहीच गरज नव्हती.

सुगंधाबाईच्या मनात पाप नव्हतं. सासूनं लेकाचे कान धरावेत, संसार मोडू नये, म्हणून ती प्रफुलच्या आईकडं गेली. आईनं लेकाचे कान धरले नाहीत; सून सोमवारी पोरगी घेऊन पळणार आहे, एवढंच त्याला सांगितलं.

सोमवारी पोरांची प्रार्थना चालू होती आणि दारात मोटरसायकल थांबली. प्रफुल कामावर गेलाच नव्हता.

"दीपिकाले घेऊन जाऊन राह्यलो," तो म्हणाला.

रंजीता दारात उभी राहिली. "तिची आई येते ना रोज. आईलेच येऊ द्या."

"मी बाप नाई का तिचा?" त्यानं आवाज चढवला नाही. उलट हसला. "का आज काही खास हाय, बाई?"

रंजीतानं दार अडवून धरलं. तेवढ्यात दीपिका तिच्या बाजूनं निसटून पळाली आणि हौसेनं मोटरसायकलच्या टाकीवर चढून बसली. "टाटा बाई!" गाडी वळणाआड गेली. रंजीतानं चंदाला फोन लावला. तो प्रफुलनं सकाळीच स्वतःच्या खिशात घातला होता; त्यानंच उचलला, आणि काही न बोलता ठेवून दिला.

थोड्या वेळानं चंदा आली. हातात कापडी पिशवी, पायात नव्या चपला. दीपिका दिसली नाही तशी ती दारातच थांबली.

"तो घेऊन गेला," रंजीता म्हणाली.

"त्याले कसं समजलं?"

सुगंधाबाईचं नाव रंजीताच्या अगदी ओठावर होतं. ती पलीकडंच उभी होती, पदर तोंडात धरून.

"माह्यामुळं," रंजीता म्हणाली. "तुमचा शब्द मी पाळला नाई. मी बोलली."

चंदा ओरडली नाही, रडलीही नाही. "फक्त तुमाले सांगतलं होतं," एवढंच म्हणाली.

दोघी पोलीस ठाण्यात गेल्या. "बापच घेऊन गेला ना?" तिथला माणूस म्हणाला. पोरीला प्रफुलनं नातेवाइकाच्या जीपमधून भामरागडला आत्याकडं पोचतं केलं होतं. दोन दिवसांत तिकडच्या पर्लकोटा नदीला पूर आला, पुलावरून पाणी गेलं आणि तिकडचा रस्ता बंद झाला. प्रफुलनं चंदाला निरोप धाडला: नीट घरात राहशील, तर पोरगी दिसेल. चंदा पिशवी घेऊन परत घरी गेली.

रंजीतानं बालवाडीचे सचिव वामनराव यांच्यापुढं सगळं कबूल केलं. ते म्हणाले, "घरगुती भानगड हाय. कायले अंगावर घेता?" त्यांनी तिला साधी ताकीदही दिली नाही. तेच तिला जास्त लागलं. ती चंद्रपूरला जाऊन घरातल्या मारहाणीच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांपुढं स्वतःच्या सहीनिशी जबाब देऊन आली. अधिकारी बाई चंदाच्या घरी गेल्या. चंदानं दार अर्धंच उघडलं. आत प्रफुल जेवत बसला होता.

"तसं काही नाई," ती म्हणाली. "बाईचा गैरसमज झाला असन."

पाऊस ओसरला, रस्ता उघडला आणि दीपिका परत आली. वस्तीत दुसरी बालवाडी नव्हती, म्हणून इथंच आली. अंगानं वाळली होती. रंजीतानं तिला जवळ घेतलं आणि रोजचंच विचारलं, "सकाळी काय खाल्लं गं?"

पोरीनं ओठ घट्ट मिटले. मग हळूच म्हणाली, "आईनं सांगतलं, तुमाले काईच सांगाचं नाई."

रंजीतानं मान हलवली. "बरं," ती म्हणाली, आणि तिच्यापुढं पाटी सरकवली.