मरून धाग्याचा नंबर

धागा मीच निवडून दिला, हे पहिलेच सांगून टाकते. नाही तं लोक म्हणतील, जयश्री आपली चूक लपवून राहिली. चूक माही आहेच. पण मी भोळी होती, लबाड नव्हती.

सौंसरले घराच्या समोरच्या खोलीत माही भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन आहे, पंधरा सुयांची. ब्लाउज करते, जामसांवलीच्या हनुमानाले वाहायचे नवसाचे झेंडे करते, पण ते सगळं किरकोळ. मशीन चालत होती ती पांढुर्ण्याच्या एका शाळेच्या बिल्ल्यांवर. खिशावर लावायचा गोल बिल्ला, मरून रंगाचा, मधात पिवळा दिवा. सात वर्षं झाली, दर उन्हाळ्यात हे काम माहंच. ते गेलं तं मशीन झाकूनच ठेवावी लागते, हे माह्या घरात सगळ्याइले माहीत होतं. माही लहान बहीण गायत्री पांढुर्ण्यात शाळेच्या मागच्याच गल्लीत राहते, म्हणून बिल्ल्यांचे डबे शाळेत पोचवायचं काम तिच्याकडे. बाकी तिले यातलं काही कळत नाही, असंच मी धरून चालली होती.

एप्रिलमध्ये गायत्रीचा फोन आला. तिच्या कोण्या हिमानी नावाच्या मैत्रिणीनं माह्यासारखीच मशीन घेतली होती. आता धागा कोणता घ्यायचा, बॉबिन कोणत्या घ्यायच्या, बिचारीले काही समजून नव्हतं राहिलं, अन् सासू दवाखान्यात असल्यानं दुकानातही येता येत नव्हतं. तूच ये न ताई, म्हणे, तुह्याएवढं कोणाले समजते. खरं सांगते, मी फुगली. आपल्याले कोणी हुशार म्हटलं की माणूस कसा होते, तशी झाली. दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं पांढुर्ण्याले गेली.

पुंडलिकरावच्या धाग्याच्या दुकानात आम्ही दोघी अडीच तास बसलो. गायत्री चमकदार रेयॉनच्या रिळांवर हात फिरवून राहिली होती. मी तिचा हात बाजूले केला. रेयॉन दिसाले भारी, पण रोज धुवायच्या कपड्यावर त्याचा रंग टिकत नाही, उतरून खालच्या कापडावर बसते. मग मी माचिस मागितली अन् दोन्ही धाग्यांचं एकेक टोक जाळून दाखवलं. रेयॉन कागदासारखा जळला, राख झाली. पॉलिएस्टर वितळला अन् त्याची कडक गोळी झाली. दुकानात आग लावता का बाई, म्हणून पुंडलिकराव कुरकुरले. मी म्हटलं, तुमचा नोकर एका डब्यात दोन्ही भरून ठेवते, त्याले विचारा.

बॉबिन म्हणजे सुईखालच्या धाग्याची फिरकी, तिचंही तसंच. तयार भरलेल्या बॉबिन मिळतात, पण मी रिकाम्या स्टीलच्या घ्यायले लावल्या. एकेकीच्या काठावरून नख फिरवून पाहिलं, खरखर लागली ती परत टाकली, कारण तिथंच धागा तुटते. पन्नासातून अठरा मी परत टाकल्या. गायत्री वहीत सगळं लिहून घेऊन राहिली होती. मैत्रिणीसाठी किती जीव टाकते पोरगी, असं माह्या मनात आलं.

अन् मग मी ते सांगितलं, जे मी कोणालेच सांगत नाही. बॉबिन भरताना सगळे सरळ पांढरा धागा गुंडाळतात. मी पहिले चार हात लाल धागा गुंडाळते, मग त्याच्यावर पांढरा. फ्रेम काढून बिल्ला उलटा केला अन् मागं लाल टाका दिसला, की समजायचं, बॉबिन संपत आली, आता बदला. वरून कोणाले काही दिसत नाही. चार-पाच बिल्ल्यांमागं एकाच्या पाठीवर तेवढी लाल रेघ राहते. हे मले कोणी शिकवलं नाही, दोन वर्षं काम बिघडवून बिघडवून मीच काढलं.

निघता निघता मरून रिळ मीच उचललं, कोणी मागितलं नव्हतं. पुंडलिकरावजवळ अकरा मरून आहेत, ट्यूबलाइटमध्ये सगळे एकसारखे. मी रिळ बाहेर उन्हात नेऊन गायत्रीले दाखवलं. हा सतराशे चौऱ्याऐंशी, पाण्यात ठेवला तरी हलत नाही, शाळेचे बिल्ले मी याच्यानंच करते, तुह्या मैत्रिणीले कधी कामी पडेल. वही तं गायत्रीनं केव्हाच पिशवीत टाकली होती, ते रिळही तिनं माह्या हातातून घेऊन तिथंच टाकलं.

मे महिन्यात तिचाच फोन. शाळेनं यंदा छापील बिल्ले करायचं ठरवलं म्हणे, भरतकाम बंद. मी शाळेत जाऊन बोलते म्हटलं, तं ती म्हणाली, कायले जातेस ताई, सरांचं ठरून गेलं, उगाच तुहा अपमान होईल. वरून मलेच समजावत बसली. दुसरं काम मिळेल, तुह्या हातात कला आहे. मी फोनवर रडली अन् तिनं ऐकून घेतलं. ते रडणं मले आजही आठवलं की अंगाची लाही होते.

जुलैमध्ये सुया संपल्या म्हणून पांढुर्ण्याची बस धरली. अर्ध्या रस्त्यात एक शाळेची मुलगी माह्या बाजूले येऊन उभी राहिली. तिच्या खिशावर बिल्ला होता. छापील नाही, भरलेला. मरून गोल, पिवळा दिवा. मी बोट फिरवून पाहिलं तं पोरगी घाबरून मागं सरकली. मी सुया सोडून सरळ शाळेत गेली.

मुख्याध्यापक केशवराव भला माणूस आहे. मले पाहून खुर्चीतून उठले, पाणी मागवलं, अन् म्हणाले, "जयश्रीताई, एकट्याच कशा आल्या? डोळे कसे आहेत आता?"

मी म्हटलं, कायचे डोळे.

तेही गोंधळले. तुमच्या बहिणीनं सांगितलं होतं, म्हणाले. ताईच्या डोळ्यांचं ऑपरेशन बिघडलं, आता बारीक काम होत नाही, म्हणून यंदापासून काम मीच करते, घरातलं घरातच राहील. आम्हाले वाईट वाटलं ताई, पण काम तुमच्याच घरी राहिलं म्हणून बरं वाटलं.

टेबलावर उरलेल्या बिल्ल्यांचा डबा होता. मी बिल्ले उलटे करत गेली. पहिला पांढरा, दुसरा पांढरा, तिसरा पांढरा. चौथ्याच्या पाठीवर लाल रेघ. मी तो मुठीत धरला अन् डोळे बरे आहेत एवढंच सांगून निघाली. खरं काय ते त्या भल्या माणसाले सांगायचं होतं, पण आपलीच बहीण चोर आहे हे तोंडातून निघालं नाही.

गायत्रीच्या घरी मशीनचा आवाज बाहेरपर्यंत येऊन राहिला होता. हिमानी नावाचं कोणी नव्हतंच. मशीन तिची, तिच्या नवऱ्यानं, तुषारनं घेऊन दिलेली. मले दारात पाहून तिनं बटण दाबून मशीन बंद केली. मी बिल्ला तिच्यापुढं उलटा ठेवला. तिनं लाल रेघ पाहिली अन् खाली बसली.

"सांगणारच होती मी तुले," ती म्हणाली.

"माहे डोळे फोडून मग सांगणार होती का?" माहा आवाज चढला, बाजूच्या घरातली बाई खिडकीत आली, येऊ दे म्हटलं. "मागितलं असतं तं मी दिलं नसतं का तुले? अर्धे बिल्ले दिले असते. बाजूले बसवून शिकवलं असतं."

"तेच तं," गायत्री म्हणाली. ती रडत नव्हती, त्याचाच मले जास्त राग आला. "जलमभर तुह्याच उतरलेल्या फ्राका घातल्या, तुह्याच पुस्तकावर शिकली. प्रत्येक गोष्ट तू देणार अन् मी घेणार. एक गोष्ट मले न मागता पाहिजे होती."

मग चोरी कायले म्हणतात, मी विचारलं. मशीनवर अर्धा बिल्ला लागला होता. मी वाकून फ्रेम खालून पाहिली, सवयच आहे हाताले. मधात पांढरी बारीक पट्टी, दोन्ही बाजूनं मरून, धाग्याचा ताण बरोबर असला की मागून असंच दिसते. टाका माह्याइतकाच साफ होता. शिव्या द्यायले आली होती, पण त्या टाक्याले नाव ठेवता आलं नाही. मी चप्पल घातली अन् बसस्टँडवर आली.

हे घरी कळलं तेव्हा यांनी विचारलं, आईले सांगू का. मी नको म्हटलं. आई म्हणेल, लहान आहे ती, तू समजून घे. चाळीस वर्षं मी समजूनच घेऊन राहिली.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. मी उचलणार नव्हती, तरी उचलला. नवीन पोरांचे दोनशे बिल्ले शाळेले पाहिजे होते, सोमवारपर्यंत. मरून संपला होता अन् रिळावरचा नंबराचा कागद कधीचा फाटला होता. पुंडलिकरावनं अकरा रिळं पुढं ठेवली, बिल्ला लावून पाहिला तरी आपला कोणता ते तिले ओळखू येऊन नव्हतं राहिलं. चुकीचा घेतला अन् रंग उतरला तं शाळा परत उभं करणार नाही, हे तिलेही माहीत होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "फक्त नंबर सांग. मग कधी काही मागणार नाही."

समोरच्या रॅकवर माहं मरून रिळ होतं. मी त्याच्याकडं पाहिलं.

"मले नाही दिसत बाई," मी म्हटलं. "माहे डोळे गेले न."

तिनंच फोन ठेवला. रॅक खोलीच्या त्या टोकाले आहे, रिळावरचे आकडे मुंगीएवढे. सतराशे चौऱ्याऐंशी. बसल्या जागेवरून मले साफ वाचता येऊन राहिले होते.