मुक्कामाची बॅटरी

चांगुणाबाई घोरतात, हे कोल्हारात सगळ्यांना माहीत होतं. घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबतो, हे मात्र फक्त नवऱ्याला, आबासाहेबांना माहीत होतं. त्या धास्तीने त्यांनी कितीतरी रात्री बायकोच्या उशाशी बसून काढल्या होत्या. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. तोंडावर मास्क चढवायचा आणि मशीन रात्रभर हवा ढकलत राहणार. त्याच्याशिवाय एकही रात्र झोपायचं नाही, अशी तंबी होती.

तंबी पाळली, पण त्यापायी बहीण दुरावली. धाकटी केशरबाई पुणतांब्याला दिलेली. तिथं रात्री लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि मास्क लावलेलं आपलं ध्यान कुणी पाहावं, याची तर चांगुणाबाईंना मेल्याहून मेल्यासारखी लाज. सख्ख्या बहिणीलाही त्यांनी मशीनचं सांगितलं नाही. तिच्याकडे जायच्या आणि दिवेलागणीला काहीतरी निमित्त काढून परत फिरायच्या. भाचीच्या हळदीलासुद्धा मुक्काम केला नाही, तेव्हा केशरबाई भर मांडवात म्हणाली, "आक्काला आता आमच्या घरात झोप लागत न्हाई." त्यानंतर तिने फोन करणंच सोडलं.

यावर आबासाहेबांनी काढलेला उपाय त्यांच्या डोक्याला शोभेल असाच होता. त्यांनी एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली, सीटा काढून आत पलंग, ओटा आणि पडदे बसवून घेतले.

"तुजं घर तुज्यासंगं," ते म्हणाले. "बहिनीच्या दारात गाडी लावायची, पडदा वढायचा, मशीन चालू करायचं. कुनाला कळनार हाय?"

आता राहिली होती बॅटरी. त्यासाठी दोघं बेलापूरला गनीभाईंच्या दुकानात गेले. तिथं आबासाहेब रंगात आले. टीव्ही, मिक्सर, छोटा फ्रीज, जमलं तर एसी. आणि घरच्या इन्व्हर्टरला असते तसली पाण्याची मोठी बॅटरी, तीही जोडीने.

गनीभाईंनी सगळं ऐकून घेतलं. "घरची बॅटरी उतरली तर लाइट आल्यावर भरती. रानात कोन भरनार, आबासाहेब? त्यात हिच्यातली निम्मीच वापरायची, त्याच्याखाली नेली की लवकर मरती. वजन लई. भरताना वाफ सोडती, आनि तुमी बंद गाडीत तिच्याशेजारी झोपनार. त्यापरीस लिथियमची घ्या. म्हाग हाय, पन हलकी, आनि जवळपास सगळी वापरता येती. टपावर सोलर प्लेट टाकू, दिवसा भरंल. किती मोठी, ते तुमी ठरवा. बंद पडून चालनारच न्हाई, अशी वस्तू कोनती?"

उत्तर आबासाहेबांना ठाऊक होतं, पण ते त्यांनी द्यायचं नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. चांगुणाबाईंनी पदर सारखा केला, दुकानाबाहेर कुणी उभं नाही ना ते पाहिलं.

"माजा श्वास झोपेत अडतो," त्या म्हणाल्या. "त्याचं मशीन हाय."

बोलून झालं आणि आभाळ काही कोसळलं नाही. गनीभाईंनी फक्त ते मशीन किती वीज खातं ते विचारलं आणि म्हणाले, "मग एसी, टीव्ही सोडा. ऊन पडलं न्हाई तरी मशीन दोन रात्री चालंल, अशी देतो."

आठवडाभराने गाडी पुणतांब्याला केशरबाईच्या अंगणात उभी राहिली. जेवणं झाली. चांगुणाबाई मोठ्या ऐटीत म्हणाल्या, "आज मी मुक्कामाला हाय." केशरबाईचा चेहरा खुलला. ती माजघरात अंथरूण टाकायला गेली आणि परत येऊन पाहते तो आक्का गाडीची पायरी चढत होती.

"तिकडं कुटं?"

"हितंच झोपते. गाडीत."

केशरबाईच्या हातातली उशी तशीच राहिली. "माज्या दारात यून येगळं घर मांडलंस? सख्खी भन घरात झोपत न्हाई म्हनून आजवर लोक बोलत हुते. आता तर दाखवायलाच आलीस."

ती आत निघून गेली. चांगुणाबाई पायरीवर उभ्याच्या उभ्या राहिल्या. एवढा खटाटोप बहीण जवळ यावी म्हणून, आणि झालं नेमकं उलटं. त्यांना रडूच फुटलं. मग डोळे पुसून त्या आत चढल्या, मशीन काखेत मारलं आणि आबासाहेबांना म्हणाल्या, "गाडीतनं माजघराच्या खिडकीपातुर वायर पुरंल का, बघा."

वायर पुरली. केशरबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. चांगुणाबाई शेजारी बसल्या आणि तिच्यादेखत मास्क चढवला. मशीन सूं सूं करू लागलं, तशी केशरबाई उठून बसली. हसली नाही.

"हे रोज लागतं?"

चांगुणाबाईंनी मान हलवली.

"कवापासनं?" पण उत्तराची वाट न पाहताच तिला सगळी दिवेलागणीची निमित्तं उमगली. "मला वाटलं, तुला माजा कंटाळा आला."

तेवढ्यात गावची लाइट गेली. मशीन चालूच होतं. चांगुणाबाईंनी अंधारात मास्क ओढून काढला. "न्हाई गं, केशर, मी..."

केशरबाईने चाचपत मास्क घेतला आणि आक्काच्या तोंडावर परत नीट बसवला.

"आदी हे लाव. काय सांगायचं ते उद्या सांग. उद्या हायेस ना?"

चांगुणाबाईंनी बहिणीचा हात गालाशी धरून ठेवला आणि तिला कळावी अशी होकाराची मान हलवली.