चुकलेल्या सुरापाशी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरा उजेड आणि पुष्कळ हात, एवढंच. खरं जगणं सुरू झालं ते ताईच्या टेबलावर. तिचा कॉलेजचा सगळा अभ्यास माझ्यावर झाला. "किती गुणी आहे हा," असं ती मैत्रिणींना सांगे. पुढे मोबाइलवरच तिचं सगळं भागू लागलं आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मी नुसता झोपून असे. पंख्यात धूळ साचत गेली.

ताईची आई गाणं शिकवायची. एकदा तिच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. "आवाज पूर्वीसारखा राहीलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. मग ताईने आईच्या धड्यांचे मोबाइलवर व्हिडिओ काढले आणि ते नीट जोडायला मला खाली काढलं.

मला ते झेपेना. आवाज पुढे जाई, चित्र मागे अडखळे. आईचे ओठ मिटलेले आणि सूर मात्र चालूच. शेवटी मी तापून बंद पडलो. ऑपरेशन तोंडावर असताना नवा लॅपटॉप कुठून परवडणार?

दुरुस्तीच्या दुकानातल्या काकूंनी मला उघडलं. "याच्यात अजून जीव आहे. रॅम वाढवू, जुनी हार्डडिस्क काढून वेगवान एसएसडी डिस्क घालू, पंखा साफ करू. तू मात्र व्हिडिओच्या हलक्या प्रती करून त्यांच्यावर काम कर. मूळ व्हिडिओ शेवटी जोडायचे."

"आधीचं सगळं पुसलं जाईल का?" ताईने विचारलं.

"ते आधी उतरवून घेते. काळजी करू नकोस."

काळजी मलाच होती. डिस्क गेल्यावर मी मीच राहीन का? विचार करता करता मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा कोंदट खोलीच्या खिडक्या कुणीतरी उघडल्यासारखं वाटलं. आईचा सूर आला आणि तिचे ओठ त्याच्याबरोबर हलले.

आई दवाखान्यातून घरी आली ती कुजबुजण्यापुरताच आवाज घेऊन. तिच्या विद्यार्थिनी माझ्यासमोर बसल्या. माझ्यातून आई गात होती आणि शेजारी बसून आईच हाताने ताल देत होती. मध्येच तिने ताईला जवळ ओढलं.

"इथे माझा सूर चुकलाय. कापला का नाहीस?"

"चुकल्यावर तू हसलीस ना. ते कापवेना."

आईने पडद्याकडे बोटाने खूण केली, पुन्हा लाव.

मित्रांनो, तुमच्याही कपाटावर माझ्यासारखं कुणी झोपलेलं असेल. टाकून देण्याआधी त्याला एकदा उघडून बघा. आणि घरातल्या माणसांचे आवाज जपून ठेवा, चुकलेल्या सुरांसकट.