शिवेपार

नाल्याच्या पाण्यात एक पाय टाकून मनकर्णाबाई तशीच उभी राहिली. पदराखाली कोंबडी होती, डोक्यावर हळदकुंकू माखलेली. मागे शंभर पावलांवर, बाभळीपाशी, हिवरखेडची माणसं थांबली होती. त्यांच्याकडे वळून बघायचं नव्हतं. पाण्यापलीकडे गावची शीव संपत होती. तिथं कोंबडी सोडायची आणि दुसऱ्या वाटेनं परतायचं, एवढंच तिचं काम होतं.

पाच दिवसांत तिच्या बारा कोंबड्या मेल्या होत्या. माना वाकड्या करत, जागच्या जागी गिरक्या घेत. ही तांबडी तेवढी उरली. मग अकोल्याला कापूस घालून आलेला एक गाडीवान ओकून ओकून गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याची बायको. तेव्हा खुशालराव पाटलांनी पारावर माणसं बोलावली.

"आधी कोंबड्या, मंग माणसं," ते म्हणाले. "जे उरली तिच्यातच मरीमाय बसली हाय. तिले शिवेपार लावा. जिची हाय तिनंच न्यावं."

शिवेपार शकुनचं सासर होतं. मनकर्णाबाईची एकुलती लेक, तिचे बाळंतपणाचे दिवस भरले होते. पारावर बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं आणि कोणी बोललं नव्हतं. मनकर्णाबाईचा नवरा नत्थुजीही नाही. तो खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला होता.

पाटलांइतकाच मनकर्णाबाईचाही मरीमायवर विश्वास होता. म्हणूनच तिचा दुसरा पाय उचलत नव्हता.

शेवटी ती पाण्यात उतरली. पलीकडच्या बोरीच्या जाळीआड गेल्यावर मात्र ती थांबली नाही. कोंबडी छातीशी धरून नाल्यानाल्यानं वर चालत गेली आणि वळणावर पुन्हा अलीकडे आली. तिथं त्यांचं वावर होतं, गावापासून लांब. वावरात कापसाच्या वाळक्या पराट्यांची खोपी होती. मरीमाय आलीच, तर आपल्यावर येईल आणि इथंच संपेल, असं तिनं ठरवलं.

दिवस मावळायच्या आत नत्थुजी तिला शोधत बांधावर आला.

"सोडली?"

"सोडली," ती लांबूनच म्हणाली. "तुमी जवळ येऊ नका. तिले माहा हात लागला हाय. अन् लोकं कापूस चोरून येचून नेऊन राहिले, दोन-चार रोज मी इथंच राहीन. भाकर त्या दगडावर ठेवत जा."

तो निघून गेला. वावरात राखणीला राहण्यात कोणाला नवल वाटण्यासारखं नव्हतं. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती म्हणे, तेव्हापासून कापसाचा भाव भडकला होता आणि वऱ्हाडात लोक बोंडं दागिन्यासारखी जपत होते.

तांबडी खाईना. पराट्यांकडे तोंड करून, पिसं फुगवून उभी राहायची. कापसाची वात भिजवून मनकर्णाबाईनं तिच्या चोचीत पाणी पिळलं. भाकरीचा चुरा पुढं टाकला, तर तिनं पाहिलंही नाही. मनकर्णाबाईला आठवलं, एकीनं टोचलं की बाकीच्या टोचायच्या. ती वाकली आणि चुऱ्याशेजारी बोटाचं नख जमिनीवर टकटक आपटू लागली. बऱ्याच वेळानं तांबडीनं मान वळवली. एक कण उचलला. मनकर्णाबाईनं बोट थांबवलं की तीही थांबायची.

कोंबडी खाऊ लागली आणि हिची भूक गेली. पोटात जरा गुडगुडलं की मरीमाय आली, असं तिला वाटायचं. गाडीवानाच्या बायकोची नखं निळी पडली होती, म्हणून ती सकाळ-दुपार आपली नखं उन्हात धरून बघे. तांबडीनं मान जराशी वाकडी केली, तरी ती हातातलं काम टाकून तिच्यापाशी जाऊन बसायची.

पाचव्या दिवशी दगडावर भाकर आली नाही.

दुपारी गावाच्या बाजूला धूर उठला. तो चुलीचा नव्हता, एका जागेवरून जाड वर चढत होता. ती बांधापर्यंत धावत गेली आणि तिथंच थबकली. गावात पाऊल टाकलं, तर मरीमायचं जे अजून तिकडं गेलं नसेल तेही आपल्याबरोबर जाईल.

"नेली असती पलीकडं तर," तिच्या तोंडून निघालं. लगेच तिनं स्वतःच्या तोंडावर चापट मारली आणि हात तसाच दाबून धरला.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना नत्थुजी आला. गावाकडून नव्हे, नाल्याकडून. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं होतं.

"तिथंच थांबा."

तो चालत राहिला. "शकुनकडं गेलतो. पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत."

ती खाली बसली. तिनं विचारलं, "अन् काल धूर?"

"पाटलाची माय गेली. तिले जाळून मंग निघालो मी."

"मरीनं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"माह्यामुळं," ती म्हणाली.

कमरेची पुरचुंडी काढून त्यानं खोपीकडे हनुवटी केली. "तिच्यासाठी आणली. जवारी हाय."

मनकर्णाबाईनं वर बघितलं. "तुमाले माईत होतं?"

"तू सोडली म्हणाली, तवा मी तिले माघारी आणाले गेलतो. पल्याड नव्हती."

खोपीत तांबडीनं पंख झाडले. नत्थुजी पुरचुंडीची गाठ सोडू लागला, पण ती सुटेना. मनकर्णाबाईनं ती त्याच्या हातातून घेतली आणि सोडली.

"आता गावात जा तुमी."

नत्थुजीनं डोक्याचं पागोटं काढलं, खोपीच्या मेढीला अडकवलं आणि तिच्याशेजारी बसला.