सामायिक आणि बारा रेकॉर्डी

सायरबाईंचं नवऱ्याकडे एकच मागणं होतं, आणि तेही काही सोन्याच्या पाटल्यांचं नव्हतं. रोज दुपारी त्यांनी आपल्या शेजारी अठ्ठेचाळीस मिनिटं गप्प बसावं. बस्स, एवढंच. पण जळगावच्या दाणाबाजारात कुणालाही विचारा, भिकमशेठना गप्प बसवण्यापेक्षा उधळलेला बैल धरणं सोपं.

त्या बसण्याला सामायिक म्हणतात. आसन टाकायचं, तोंडाला मुहपत्ती बांधायची, काचेतल्या वाळूची घडी पालथी करायची, आणि वाळू खाली येईपर्यंत घर, दुकान, सुना, भांडणं सगळं मनाबाहेर ठेवून नवकार जपायचा. लग्न होऊन आल्यापासून सायरबाईंचा हा नेम होता. बसताना त्या शेजारी आणखी एका आसनापुरती जागा सोडत, आणि ती जागा चाळीस वर्षं रिकामीच राहिली. "दुकान सुटलं की बसतो," भिकमशेठ म्हणायचे. आता डाळीचं दुकान ते! तूर संपली की मूग, मूग संपला की हरभरा. ते कसलं सुटतंय?

पण एकोणसत्तर सालच्या आखातीजेला, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, सुटलं. थोरल्या मुलाच्या, माणकचंदच्या हाती किल्ल्या देऊन भिकमशेठ गादीवरून उठले आणि जैन स्थानकात चार माणसांदेखत बोलले, "चातुर्मास लागला की रोज हिच्याबरोबर सामायिक." सायरबाईंना पदराआड हसू आवरेना. त्यांनी पांढऱ्या लोकरीचं नवं आसन स्वतः शिवलं, घडी करून फडताळात ठेवलं, आणि येता-जाता दार उघडून बघू लागल्या.

म्हणतात ना, देव देतो आणि कर्म नेतं. चातुर्मासाच्या तोंडावर शेठ धुळ्याला गेले. तिथे देवपुरात एका कापसाच्या जिनिंगचा पारशी मॅनेजर वारला होता आणि त्याची बाई सामान विकून मुंबईला निघाली होती. सामानात एक जुना वजनकाटा आहे, असं शेठच्या कानावर आलं होतं. दुकान सोडलेल्या माणसाला काटा कशाला हवा, हे विचारायची सोय नाही. संध्याकाळी एसटीनं परत आले ते हमालाच्या डोक्यावर एक पेटी आणि एक खोका घेऊन.

"हा काटा?" सायरबाईंनी विचारलं.

"काटा गेला दुसऱ्याला. हे गाणं वाजवायचं यंत्र. आणि या बारा रेकॉर्डी. साहेबलोकांचं संगीत. एकगठ्ठा घेतलं."

"साहेबलोक जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्हाला आता कुठून ही दुर्बुद्धी?"

शेठ पाटावर बसले. चेहरा जरा पडलेला होता. "अगं, त्या बाईनं एक रेकॉर्ड लावून दाखवली. मला काही म्हणजे काही कळलं नाही. डोळे मिटून मूठभर तूर हातात दे, गिरणेकाठची की तापीकाठची ते सांगीन. आणि हा माल समोर वाजतोय, तर चांगला की वाईट तेच कळेना! साठी उलटल्यावर ही वेळ यावी?"

म्हणजे हौस नव्हती, नाक कापलं गेलं होतं. पारशीणबाईंनी वर सांगितलं होतं की वारलेल्या साहेबांनी रेकॉर्डींवर लाल पेन्सिलीनं गुजराती आकडे घातलेत, एक म्हणजे सर्वांत जुनी, बारा म्हणजे अलीकडची. चारेकशे वर्षांचा माल आहे. क्रमानं ऐका, मागचं समजल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

"एवढा लॉट निकालात काढतो," शेठ म्हणाले, "की दुसऱ्या दिवसापासून सामायिक. तुझी शपथ."

सायरबाईंनी बोटांवर मोजलं. बारा रेकॉर्डी, बारा दुपारी. चाळीस वर्षं थांबलो, बारा दुपारी काय जड आहेत? त्या हो म्हणाल्या, आणि इथंच फसल्या.

पहिल्या दिवशी शेठ धावत माजघरात आले. "घडी दे तुझी! घड्याळ लावून बघितलं, रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी वाजली की तुझी वाळू बरोबर संपेल. म्हणजे एक रेकॉर्ड म्हणजे एक सामायिकच की!"

"जीभ आवरा. सामायिकेत कानांचं सुख घेत नाहीत."

"सुख कुठं आहे? मला तर काहीच कळत नाहीये!"

सायरबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी घडी दिली. मग शेठ म्हणाले, तूही बस. एकट्याला नमुना पटत नाही, मालावर दोन माणसांची नजर हवी. स्वतःची सामायिक उरकून सायरबाई बाहेरच्या खोलीत आल्या, पदर सावरून भिंतीला टेकल्या, आणि ते सुरू झालं. नुसती माणसं गात होती. ना पेटी, ना तबला. एक सूर वर जाई, दुसरा खालून येई, कुठे सुरू आणि कुठे शेवट पत्ता नाही. सायरबाईंनी मनातल्या मनात संध्याकाळच्या खिचडीला डाळ धुतली.

रेकॉर्ड थांबली. शेठ गर्रकन वळले. "काय समजलं?"

"छान होतं. उद्या दुसरी लावा."

"छान म्हणजे काय? डाळ छान म्हणून कोणी पोतं उचलतं का? काय समजलं ते सांग."

सायरबाईंना सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलीच रेकॉर्ड. तिसऱ्या दिवशीही तीच! नमुना पटल्याशिवाय पोतं हलवायचं नाही, हा शेठचा जन्माचा नियम. आणि त्याहून वाईट दुसरा नियम: मोजदादीत गोंधळ झाला की पहिल्या पोत्यापासून. कसंबसं काहीतरी जुळवून सांगत सायरबाई चौथ्या रेकॉर्डीपर्यंत आल्या, तर शेठनी विचारलं, "ही दुसरीपेक्षा वेगळी कशी?" सायरबाई चाचरल्या, की "गोंधळ झाला" म्हणत त्यांनी खोका उघडून पुन्हा एक नंबर काढली. सायरबाईंना वाटलं, खोका उचलावा आणि मेहरूणच्या तळ्यात नेऊन टाकावा.

भांडी घासणारी तानुबाई मूळची भडगावकडची. ती ओसरीतून डोकावून म्हणाली, "माय वं! हाई काय शे? मनी बठ्ठी भांडी व्हई गई, तरी यासनं रडनं सरेना!"

"आपल्या नशिबात आहे, तानुबाई. घासून झाली असतील तर तू आपली भांडी लाव."

त्या रात्री सायरबाईंच्या लक्षात आलं की रडून-रुसून हा लॉट संपायचा नाही. या माणसाला पुढे ढकलायचं तर आपल्यालाच काहीतरी खरंखुरं समजावं लागेल. दुपारी त्या समोर जाऊन बसल्या, डाळ-तांदूळ डोक्यातून काढले आणि रागारागानं ऐकू लागल्या. हो, रागानंच. भक्तीनं कोण ऐकतंय?

आणि दोन नंबरला त्यांना एकदम दिसलं. "अहो, थांबा! हा एक जण काहीतरी बोलला ना, तेच वाक्य दुसऱ्यानं उचललं बघा. आता तिसऱ्यानं. पहिला गप्प बसायला तयार नाही. आपल्या तिघी सुना स्वयंपाकघरात बोलतात तसं आहे हे! सगळ्या एकच सांगतात, कोणी कोणाचं ऐकत नाही, आणि तरी पोळ्या वेळेवर होतात."

शेठनी पिन उचलून परत मागे ठेवली. कान दिला. "अरे! खरंच की. तीच ती धाकटी!" म्हणून मांडीवर थाप मारली. "पटला नमुना. उद्या तीन."

मग गाडी हलली. हलली म्हणजे काय, बैलगाडी. मधल्या रेकॉर्डी सभ्य होत्या. एक सूर निघे, लांब जाई, भलत्याच मुलखात हिंडे आणि शेवटी परत येई. शेठ हटून बसले, "तोच सूर पुन्हा वाजवला, यात कसली कारागिरी? जुना माल नव्या पोत्यात." सायरबाईंना नीट ऐकू येत होतं की तोच नाहीये, पण सांगावं कसं? तीन दुपारी त्यांनी डोकं फोडून घेतलं. चौथ्या दिवशी चिडून म्हणाल्या, "मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा तीच सायर गेली होती का? नाव तेच, पाय तेच, उंबरा तोच. पण आई दारातच रडली. का रडली असेल? तसं आहे हे!"

शेठनी पिन उचलली. मग हळूच म्हणाले, "हे तू कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? आता पुढची लावा."

त्यापुढच्या रेकॉर्डी चारचौघांत हंबरडा फोडणाऱ्या होत्या. आधीचे लोक दुःख झालं तरी पागोटं सरळ ठेवत, हे लोक पागोटं फेकूनच देतात, असं सायरबाईंचं मत पडलं. शेठना हा माल आवडला. सायरबाई म्हणाल्या, वजन भरायला थोडी माती मिसळलीय यात. त्यावर दोघांचं इतकं वाजलं की माणकचंद दुकानातून धावत आला. बघतो तर आई-वडील रेकॉर्डीवरून भांडताहेत. तो तसाच मागे फिरला.

नवव्या रेकॉर्डीवर पर्युषण आलं. आठ दिवस यंत्र बंद. नवव्या दिवशी शेठ डोकं खाजवत म्हणाले, "खंड पडला गं. धागा तुटला."

"खबरदार!" सायरबाई ओरडल्या. कालच पर्युषणाच्या शेवटी जगातल्या सगळ्या जिवांची क्षमा मागून झाली होती, तरी ओरडल्या. "पहिल्यापासून म्हणाल, तर मी पेटीसकट तुम्हाला धुळ्याला पोचवीन!"

तरी त्यांनी पहिल्यापासून लावलीच. पण आता सायरबाईंना रेकॉर्डी पाठ झाल्या होत्या. पिन टेकायच्या आत सांगायच्या, ही सुनांची, ही माहेरवाशिणीची, ही मातीमिश्रित. गाडी भरधाव निघाली आणि अखेर बारा नंबर आली. ती म्हणजे भांड्यांची उतरंड कोसळावी तशी. सूर निघे तो परत येतच नसे. शेठनी पार हात टेकले. "हिला काय म्हणायचं?"

सायरबाईंनी ती दोनदा ऐकली. मग म्हणाल्या, "मधल्या रेकॉर्डींना घर होतं, म्हणून त्या परत येत होत्या. हिला घरच नाही. आता ती कुठं जाणार?"

शेठनी यंत्राचं झाकण लावलं. "संपला लॉट," ते म्हणाले. "उद्यापासून सामायिक. बोललो तसं करणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी फडताळातलं आसन निघालं. चाळीस वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागेवर सायरबाईंनी ते स्वतःच्या हातानं अंथरलं. शेठनी मुहपत्ती बांधली, घडी पालथी केली आणि बसले. आणि काय बसले! पाठ सरळ, डोळे मिटलेले, हूं नाही की चूं नाही. जन्मभर गादीवर बसलेला माणूस तो, बसणं त्याच्या हाडात होतं. वाऱ्यानं दार आपटलं तरी पापणी हलली नाही.

सायरबाईंनी माळ फिरवायला घेतली. नमो अरिहंताणं. घर शांत होतं. तानुबाईसुद्धा दबकून भांडी लावत होती. जन्मभर मागितलं ते हातभर अंतरावर बसलं होतं. नमो सिद्धाणं. मग हे काय खुपतंय? त्यांनी एक डोळा किलकिला करून बघितलं. शेठ तसेच दगडासारखे बसलेले. वाळू कधी नव्हे इतकी हळू पडत होती. आपण सामायिकेत वाळूकडे बघतोय हे लक्षात आल्यावर सायरबाईंना स्वतःचाच संताप आला.

वाळू संपली. सूत्रं म्हणून झाली. शेठनी मुहपत्ती सोडली, आसनाची व्यवस्थित घडी केली, ते फडताळात ठेवलं आणि पाणी प्यायला निघाले.

सायरबाई जागेवरच बसल्या होत्या. त्या वाट बघत होत्या. कशाची, ते त्यांना शेठची पाठ दिसल्यावर कळलं. दोन महिने रोज या माणसानं गर्रकन वळून त्यांना एकच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा हलला नव्हता. चाळीस वर्षांत त्यांना कोणी, काय समजलं, असं विचारलं नव्हतं. सासूनं नाही, मुलांनी नाही, यांनी तर नाहीच. आणि त्या दुपारी आपण कशात घालवल्या? लवकर संपावं म्हणून बोटं मोजण्यात! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्याबरोबर रागही आला.

"अहो!"

शेठ तांब्या हातात घेऊन वळले. "आता काय चुकलं? हललो का मी?"

"विचारा की."

"काय विचारू?"

"दोन महिने जीव खाल्लात, काय समजलं, काय समजलं म्हणून! आज तोंडाला काय झालं?"

शेठ गोंधळले. "अगं, सामायिकेत काय विचारायचं? ते तुझं तुझ्यापाशी."

"माझं माझ्यापाशी चाळीस वर्षं आहे," सायरबाई म्हणाल्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि पेटीचं झाकण उघडलं. "सामायिक रोज होईल, ती काही सुटायची नाही. पण सूर्य मावळायच्या आत जेवायचं, त्याला अजून अवकाश आहे. लावा."

"अगं पण लॉट संपला ना? बाराही पटल्या तुला."

"बारावी पटली नाही."

"काल तर पटली होती! घर नाही म्हणालीस."

"काल पटली होती, आज नाही. गोंधळ झालाय माझा."

शेठनी तांब्या खाली ठेवला. त्यांना हसू फुटत होतं, पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. खोक्याशी बसत त्यांनी विचारलं, "मग, कुठून लावू?"

"हे मी तुम्हाला सांगायचं?" सायरबाई कडाडल्या आणि त्यांच्या शेजारी भिंतीला टेकल्या. "पहिल्यापासून!"